दोघींच्या पुढ्यातला झेंडा

मी बोलतोय. कोण बोलतोय हे सांगतानाच माझी जीभ अडखळते, म्हणून आधी अंगकाठी सांगतो. वीतभर पांढरं कापड, पितळी काडी, खाली लाकडाची बैठक. टेबलावर ठेवायचा झेंडा आहे मी. कोणत्या देशाचा म्हणाल, तर कोणत्याच नाही.

तुम्ही म्हणाल, असा कसा झेंडा? मलाही सुरुवातीला तेच वाटलं होतं. बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धेत दर खेळाडूच्या पुढ्यात त्याच्या देशाचा एक छोटा झेंडा असतो. रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये घुसले तेव्हा जगभरच्या बुद्धिबळवाल्यांची पंचाईत झाली. रशियाचे खेळाडू घरी बसवावेत, तर स्पर्धांची रया जाते. त्यांचा झेंडा टेबलावर ठेवावा, तर लोकांत तोंड दाखवायला जागा उरत नाही. बैठका झाल्या, पत्रकं निघाली, आणि मग मधला मार्ग सापडला. माणसं तीच राहू द्या, झेंडा तेवढा बदला. तो बदली झेंडा म्हणजे मी.

माझा जन्म जॉर्जियातला, कुताइसी गावचा. रिओनी नदीच्या काठावर तिथलं जुनं बुद्धिबळ भवन आहे. तिथे चहा करणं, पडदे शिवणं, सोंगट्या पुसणं ही सगळी कामं नानुली बघते. सगळे तिला नानुलीमावशी म्हणतात. तोंडाने फटकळ, पण चहा असा करते की हरलेला माणूसही दुसरा पेला मागतो. भवनाचे प्रमुख ओतार एकदा एक छापील चित्र घेऊन तिच्याकडे आले. बायकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली होती आणि बाहेरून मागवलेले झेंडे पोचले नव्हते.

"नानुलीमावशी, असे दोन करून दे. हे चिन्ह, आणि खाली ही अक्षरं."

"ही कसली अक्षरं? मला नाही वाचता येत."

"जागतिक संघटनेचं ब्रीद आहे. आपण सारे एकच कुळ."

"कोणाचं कुळ?"

"सगळ्या बुद्धिबळवाल्यांचं."

"आणि ठेवायचे कोणापुढे?"

ओतार जरा घुटमळले. "रशियातून दोघी येणार आहेत."

नानुलीने सुई दातात धरली आणि चित्र त्यांच्या हातातून ओढून घेतलं. तिचं गप्प बसणं ओतारना तिच्या बोलण्यापेक्षा जड जायचं. तिच्या धाकट्या भावाची सफरचंदाची बाग रशिया-जॉर्जियाच्या मागच्या लढाईत काटेरी तारेपलीकडे गेली. तार रशियन शिपायांनी ओढली. भाऊ अजून हंगामात तारेअलीकडे उभा राहतो आणि आपली सफरचंदं झाडाखाली सडताना बघतो. अशा बाईच्या हातून मी शिवला गेलो, सभागृहाच्या जुन्या पडद्याच्या अस्तरातून. टाका मात्र तिने कुठे वाकडा घातला नाही. आम्ही दोघे जुळे भाऊ. कोण कोणापुढे जाईल, हे रोज सकाळी तिच्या हाताला जो आधी लागेल त्यावर.

खरं सांगतो, तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटत होता. बाकीचे झेंडे आपापल्या देशाचे, मी सगळ्यांचा. माझ्या नावावर एकही लढाई नाही, असं मी मनाशी म्हणायचो. केवढा मूर्ख होतो!

पहिल्या दिवशी मी आग्लायाच्या वाट्याला आलो. तिशीची, बारीक चणीची, खांदे पाडून बसणारी. कोट एकच, तोही बाह्यांशी विरलेला. फेरी सुरू व्हायच्या आधी ओतार तिच्या टेबलापाशी आले आणि तिने हळूच विषय काढला.

"ओतारसाहेब, मुलांच्या वर्गाला शिक्षक हवाय म्हणून ऐकलं. मी गावाकडे शाळेत शिकवायचे. लहान मुलांना."

"मग सोडलं का?"

"लढाई सुरू झाली त्या आठवड्यात मी चौकात कागद धरून उभी राहिले. मला पकडलं. शाळेने काढलं, क्लबाने नाव खोडलं. खटला अजून उभा आहे. परत गेले तर आत टाकतील."

"काय लिहिलं होतं कागदावर?"

"काही नाही. कोरा होता."

"कोरा?" ओतारना हसू आलं. मग हसू आवरून त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "वर माळ्यावर एक खोली आहे, शिक्षकासाठीच ठेवलीय. स्पर्धा होऊ दे, बघू. शेवटच्या दिवशी सांगतो."

म्हणजे त्या पोरीचं सगळं त्या खोलीवर आणि त्या नोकरीवर अडलेलं होतं. डाव जिंकायला ती आलीच नव्हती. ती राहायला आली होती.

तेवढ्यात नानुली चहाचं तबक घेऊन आली. इतर टेबलांवर वाफाळता चहा ठेवत ती आमच्यापाशी पोचली, मला पाहिलं, आणि तबकाच्या कडेला निवत पडलेला पेला आग्लायापुढे आपटला. तो तिने मुद्दाम आधीच ओतून ठेवला होता. आग्लायाने पेला दोन्ही हातांत धरला, ऊब शोधल्यासारखा, आणि "आभारी आहे" म्हणाली. तिने जॉर्जियन भाषेतला तेवढाच एक शब्द पाठ करून आणला होता. नानुलीने मान फिरवली.

मला तेव्हा पहिल्यांदा चोरासारखं वाटलं. नानुलीने त्या पोरीकडे पाहिलंच नव्हतं, माझ्याकडे पाहिलं होतं. आणि मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

दुसरी होती रिम्मा. तिला ओळखत नाही असा माणूस बुद्धिबळात नसेल. पन्नाशी उलटलेली, गोरीपान, गळ्यात मोत्यांचा सर. कुताइसीला ती तरुणपणापासून यायची. ती दारात दिसताच सगळं भवन उठून उभं राहिलं.

"ओतार! अरे, किती बारीक झालास! बायको जेवायला घालत नाही का?" तिने त्यांचे दोन्ही गाल चुंबले. "नानुली, तुझ्या हातचा अक्रोडाचा मुरंबा! सगळं सोडून त्यासाठी येते मी."

आणि नानुलीसुद्धा, तीच नानुली, लाजली आणि आतून मुरंब्याची बरणी घेऊन आली. रिम्माच्या टेबलावर माझा भाऊ उभा होता. त्याच्याकडे नानुलीने पाहिलंही नाही. कारण रिम्मा म्हणजे घरचीच. तिचे जुने डाव इथली पोरं तोंडपाठ म्हणतात. बुद्धिबळवाल्यांची ही खोड मला पुढे कळली. ज्याचा डाव सुंदर, तो माणूसही सुंदर असणार, असं ते धरूनच चालतात.

त्या स्पर्धेत युक्रेनची सोलोमिया होती. समुद्रकाठच्या ज्या गावात ती खेळायला शिकली ते आता रशियन फौजेच्या ताब्यात. तिची आई पोलंडमध्ये कुणाच्या तरी पोटमाळ्यावर राहते. सोलोमियाने येतानाच ओतारना सांगून ठेवलं होतं, "पांढऱ्या झेंड्यामागे कोणीही असो, मी हात मिळवणार नाही. खेळीन, पण हात मिळवणार नाही."

"अगं पण रीत आहे. डावाआधी हात मिळवायचा, डावानंतर मिळवायचा. नियमात लिहिलंय."

"मग नोंदवा माझ्या नावावर."

तिचा आणि रिम्माचा डाव लागला त्या दिवशी नानुलीच्या हाताला मी लागलो. मी रिम्मापुढे उभा. फोटोवाले सगळे त्याच टेबलाभोवती. सोलोमिया येऊन बसली आणि पटाकडे बघत राहिली. रिम्मा उभी राहिली, फोटोवाल्यांकडे एकदा बघून घेतलं, आणि मग हात पुढे केला. माझ्या डोक्यावरून तो मोत्यांच्या अंगठीचा हात गेला.

"तुमच्या गावात जाऊन आले मी, बरं का," ती गोड आवाजात म्हणाली. "शाळेत वीसपंचवीस मुलांशी एकदम खेळले. त्यांच्याकडे पटसुद्धा नव्हते, ते दिले. काय गुणी मुलं आहेत हो!"

सोलोमियाचा चेहरा पांढरा पडला. रिम्माचा हात तसाच हवेत. कॅमेरे खटखटत होते.

"तीच शाळा," शेवटी ती आपल्या भाषेत, युक्रेनियनमध्ये, म्हणाली. "तोफा डागल्या तेव्हा तिच्या तळघरात माझी मावशी गेली."

"अरेरे," रिम्मा म्हणाली, आणि हात तसाच ठेवला. "लढाई वाईटच. पण आपण दोघी खेळाडू."

सोलोमियाने हात मिळवला नाही. ओतार पुढे आले, घाम पुसला, आणि सगळ्यांसमोर सोलोमियाला ताकीद दिली. रिम्माने हात खाली घेतला आणि उदारपणे म्हणाली, "असू दे रे ओतार, पोरगी थकलीय." सभागृहात कुजबुज झाली. काय मन मोठं आहे रिम्माचं! दुसऱ्या दिवशी तोच फोटो सगळीकडे. पुढे केलेला हात, न मिळवलेला हात, आणि मध्ये मी. माझ्या पोटावर नानुलीने सुबक अक्षरांत भरलेलं, आपण सारे एकच कुळ.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. माझ्या बैठकीखाली तर नुसतं टेबल होतं.

मग दोन दिवसांनी सोलोमिया आणि आग्लाया समोरासमोर आल्या, आणि दैव बघा, त्या दिवशीही नानुलीच्या हाताला मीच लागलो. फोटोवाले पुन्हा जमले. आग्लाया आली ती दोन्ही हात कोटाच्या खिशात खुपसूनच. खुर्चीशी थांबून तिने फक्त मान लववली आणि बसली. हात तिने पुढे केलाच नाही. समोरचीला नकार द्यावा लागू नये, म्हणून ती आपले हात लपवून आली होती. फोटोवाले हिरमुसले. "उद्धट दिसतेय," एकजण म्हणाला. ओतारनी कपाळाला आठी घातली. सोलोमियाने मात्र क्षणभर वर पाहिलं.

डाव चांगला लांबला. आग्लाया हरली. घड्याळ थांबवून तिने हात पुन्हा खिशात घातले, मान लववली आणि उठायला लागली. आता एक रीत सांगतो. डाव संपला की दोघे खेळाडू तिथेच बसून सोंगट्या मागे नेतात आणि कोण कुठे चुकलं ते एकमेकांना दाखवतात. हरलेला आणि जिंकलेला डोक्याला डोकं लावून बसतात. माणसांच्या खेळांत एवढी सुंदर रीत दुसरी नसेल. लढाई सुरू झाल्यापासून या दोन देशांमधली ती रीत बंद पडली होती.

"हत्ती तिकडे का नेलास?" सोलोमिया म्हणाली. पटाकडे बघतच. आणि रशियनमध्ये. ती भाषा तिने फौज आली त्या दिवसापासून तोंडातून काढली नव्हती.

आग्लाया जागच्या जागी थिजली. मग खिशातून हात काढून हळूच खाली बसली. "मला वाटलं, तू उंट मारशील."

"मी का मारीन? मारला तर माझाच राजा उघडा पडतो."

"हो की. कसं दिसलं नाही मला?"

"घाबरून खेळतेस."

"घाबरूनच आहे मी," आग्लाया म्हणाली, आणि दोघी चक्क हसल्या. हात तेव्हाही मिळवले नाहीत. पण सोंगट्या मागेपुढे होत राहिल्या, एकीचा हात दुसरीच्या हाताजवळून जात राहिला. मला वाटलं, चला, आपल्या जन्माचं काहीतरी झालं.

तेवढ्यात ओतारनी बघितलं. आनंदाने धावतच आले. "वा वा! असंच हवं! एकच कुळ! थांबा, थांबा, हलू नका." मला उचलून त्यांनी दोघींच्या बरोब्बर मध्ये, पटाच्या कडेला ठेवलं, अक्षरं पुढे करून, आणि फोटोवाल्याला हाक मारली.

सोलोमियाचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. तिने सोंगट्या एका हाताने लोटून दिल्या आणि उठून गेली. आग्लाया पुन्हा हात खिशात घालून बसली. तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत, नुसता कंटाळा होता. तिचा तो कोरा कागद मला तेव्हा आठवला. त्यावर एक अक्षर नव्हतं आणि त्यासाठी माणूस तुरुंगात जात होता. माझ्यावर एवढं भरतकाम, आणि मी सगळ्यांना सोयीचा.

शेवटचा दिवस उजाडला. बक्षिसं वाटून झाली, लोक पांगले. मी रिम्माच्या टेबलावर होतो. ती मुरंबा खात होती आणि ओतार समोर बसले होते.

"रिम्मा, एक विचारायचं होतं. तुमच्याकडची ती आग्लाया. मुलांच्या वर्गाला ठेवावी म्हणतोय. कशी आहे?"

शिक्षक ठेवायचा तर त्याच्या देशातल्या मोठ्या खेळाडूला विचारायचं, ही बुद्धिबळातली जुनी पद्धत. ओतारना त्यात काही वावगं दिसलं नाही. वाईट माणूस नव्हते ते. फक्त त्यांना सगळ्यांशी गोड राहायचं होतं.

रिम्माने चमचा चाटला. "गुणी आहे पोरगी. पण डोकं जरा… काय सांगू तुला. चौकात जाऊन तमाशे करते. मुलांमध्ये राजकारण घुसायला वेळ लागत नाही, ओतार. आणि इथले पालक? रशियन बाई म्हणून नाकं मुरडतील ते वेगळंच. तू भला माणूस, कशाला अंगाला लावून घेतोस?"

"तेही खरंच."

"आपण खेळाडू माणसं. राजकारणात न पडलेलं बरं."

"अगदी खरं," ओतार म्हणाले.

रिम्माच्या मोबाइलवर तेव्हा त्या शाळेचे फोटो उघडे होते. मघाशीच तिने ते ओतारना दाखवले होते. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, मुलं ओळीने बसलेली, मागे दोन शिपाई. ओतार "गोड मुलं आहेत" म्हणाले होते आणि घाईने चहाकडे वळले होते.

आग्लाया दाराशी थांबली होती. ओतार तिच्याकडे गेले. "असं आहे बघ, वर्ग यंदा भरेल की नाही सांगता येत नाही. पुढच्या वर्षी नक्की बघू. तुझं मन दुखवायचं नाही मला. पण भवन राजकारणापासून लांब ठेवायचंय." तिने मान लववली, "आभारी आहे" हा तिचा तेवढाच शब्द म्हणाली, आणि पिशवी उचलून गेली. रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

नानुली पेले गोळा करत होती. तिने सगळं ऐकलं. "काय तमाशा केला होता त्या पोरीने?" तिने ओतारना विचारलं.

"काही नाही गं. लढाईविरुद्ध उभी राहिली, कोरा कागद धरून. पोलिसांनी धरली."

नानुलीच्या हातातला पेला तबकात कलंडला. "आणि तू मला हे आत्ता सांगतोस?"

"तुला काय करायचंय त्याच्याशी?"

"अरे, रोज गार चहा पाजला मी तिला! मुद्दाम!" ती तशीच आत धावली. किटली चढवली, वाफेचा चहा ओतला, आणि पेला हातात घेऊन घरातल्या चपलांनिशीच रस्त्यावर धावत गेली. नदीच्या पुलापर्यंत. परत आली तेव्हा पेला तसाच भरलेला होता आणि गार झाला होता. तो तिने मोरीत ओतला आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहिली.

त्यानंतर मी एका खणात पडून होतो. यंदा वसंतात स्पर्धा पुन्हा भरली. नानुलीने मला बाहेर काढून इस्त्री केली, तेवढ्यात ओतार आले.

"हा नको आता. ज्याचा त्याचा झेंडा लावला तरी चालेल म्हणताहेत. बाकी ठिकाणीही सैल झालंय."

"म्हणजे लढाई थांबली?"

"थांबली कुठे?"

"मग?"

"लोक कंटाळले गं," ओतार म्हणाले, आणि खणातून रिम्मासाठी रशियाचा तिरंगी झेंडा शोधायला लागले.

मी किती दिवस मनात म्हणत होतो, मला या टेबलावरून उठवा, उठवा. उठवलं, पण हे असं. नानुलीने माझी काडी उपसली, माझी दोनदा घडी घातली, आणि मला तापलेल्या किटलीचा कान धरायला वापरलं. तेव्हापासून तेच काम करतो. अक्षरं डागाळून गेली आहेत. निदान उपयोगाला येतोय.

रिम्मा आली, तसेच गाल चुंबले, मुरंबा मागितला. नानुलीने दिला. नाही म्हणायची हिंमत तिच्यातही नव्हती आणि ते तिला ठाऊक आहे. बरणी ठेवताना तिने मान वर केली नाही.

सोलोमियाही आली. समोरच्या टेबलावरचा तिरंगी झेंडा तिने पाहिला आणि सरळ चहाच्या ओट्याशी येऊन उभी राहिली. किटलीच्या कानाला मी गुंडाळलेला. तिने मला ओळखलं.

"नानुलीमावशी, ती आग्लाया कुठे असते आता?"

"देवाशपथ, मला नाही माहीत, पोरी."

सोलोमियाने ओतारना विचारलं. पंचांना विचारलं. टेबलाटेबलाशी जाऊन विचारलं. कोणी म्हणालं, सर्बियात असेल. कोणी म्हणालं, परत गेली आणि आत टाकली. कोणी म्हणालं, कोण आग्लाया? ते सभागृह जगभरच्या खेळाडूंनी भरलेलं होतं. एकमेकांच्या तरुणपणीच्या चाली त्यांना क्रमाने पाठ. त्या पोरीचा पत्ता त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हता. आणि माझ्यावर अजून, डागांखालून, वाचता येतं की हे सगळे एकच कुळ आहेत.

म्हणून तुम्हाला बोलावून हे सांगितलं. तुम्ही दूरचे, पण तुमच्याकडेही पट मांडले जातात. कधी एखाद्या बागेत, एखाद्या वाचनालयात हात कोटाच्या खिशात घालून येणारी एक बाई दिसेल. हरली की मान लववून उठेल. तिला विचारा, हत्ती तिकडे का नेलास? लगेच खाली बसली, तर ती तीच. तिला आधी गरम चहा द्या, आणि नानुलीने दिलाय म्हणून सांगा. माझं नाव मात्र तिच्यासमोर काढू नका.